लहानपणी वाचलेली ती विज्ञानकथा कोणती? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमध्ये आम्ही काही वाचक अर्धवट आठवणाऱ्या विज्ञानकथा शोधायला एकमेकांना मदत करतो. कुणाला फक्त शेवट आठवत असतो, कुणाला एखादं चित्र, कुणाला नुसतं पात्राचं आडनाव. डिसेंबर २०२१ मध्ये ९४वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन नाशिकला झालं. जयंत नारळीकर त्याचे अध्यक्ष होते, प्रकृतीमुळे त्यांना येता आलं नाही. तेव्हापासून आमच्याकडे अशी विचारणा बरीच वाढली. प्रश्न फिरून तेच येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत.

गोष्ट आठवते, पण नाव नाही, लेखक नाही. सुरुवात कुठून करू?

कथानक थोडा वेळ बाजूला ठेवा. ते पुस्तक किंवा तो अंक तुमच्या हातात कसा आला, ते आधी लिहून काढा. कोणाच्या घरी वाचलं? दिवाळीची सुट्टी होती की मे महिना? पुस्तक घरचं होतं, शाळेच्या कपाटातलं होतं, की कोपऱ्यावरच्या सर्क्युलेटिंग लायब्ररीतून आणलेलं? पानं मोठी होती का? चित्रं होती का? मध्ये जाहिराती होत्या का? गोष्टीखाली ‘क्रमशः’ होतं का?

एक उदाहरण देतो. नाशिकरोडच्या प्रेस कॉलनीत लहानपण गेलेल्या एका ताईंना एवढंच आठवत होतं, की एक क्रिकेटपटू अचानक उलट्या हाताने खेळायला लागतो. लेखकाचं नाव त्यांच्या डोक्यातून पार गेलं होतं. पुस्तकाचं वर्णन मात्र त्यांनी तपशीलवार केलं: खाकी जाड पुठ्ठ्याचं बाइंडिंग, पाठीवर पांढऱ्या रंगात हाताने घातलेला आकडा, पहिली चार-पाच पानं गायब, आणि शेवटी तारखांचे शिक्के मारायची चिकटवलेली चिठ्ठी. म्हणजे लायब्ररीचं पुन्हा बांधलेलं पुस्तक. त्यावरून मासिकं एकदम वगळता आली आणि कथासंग्रहच धुंडाळायचे हे ठरलं. नाव का आठवत नाही तेही उलगडलं, कारण नावाचं पानच त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं. ती कथा नारळीकरांची ‘उजव्या सोंडेचा गणपती’. त्यात डावी-उजवी बाजू आरशातल्यासारखी पालटते, माणसाचीही आणि मूर्तीचीही.

मला सगळं कथानक लख्ख आठवतंय. मग ते बाजूला का ठेवायचं?

कारण सगळ्यात जास्त बदलतं ते कथानकच. केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात यावरचे प्रयोग दिले आहेत. त्यांनी इंग्रज वाचकांना उत्तर अमेरिकेतल्या आदिवासींची एक लोककथा वाचायला दिली आणि मग दिवसांनी, महिन्यांनी ती पुन्हा सांगायला लावली. सांगताना लोकांनी अनोळखी गोष्टी गाळल्या, काहींच्या जागी ओळखीच्या घातल्या. तिथल्या डोंग्यांच्या साध्या होड्या झाल्या. जे विचित्र होतं ते सरळ झालं, आणि आपण बदल केलाय याची सांगणाऱ्याला जाणीवही नव्हती.

विज्ञानकथांचं तर हे हमखास होतं. एक दादा वर्षानुवर्षं ‘लॅपटॉपवर संदेश येतो’ असं सांगत होते आणि गोष्ट वाचली होती १९७७च्या आसपास. मूळ कथेत टेलिप्रिंटर असेल, वायरलेस असेल, आणखी काही असेल. म्हणून आम्ही कागदावर दोन रकाने करायला सांगतो. एका बाजूला ‘शपथेवर सांगू शकतो’ अशा गोष्टी, दुसऱ्या बाजूला ‘असं असावं’. पहिला रकाना अगदी छोटा निघतो, पण शोध त्याच्याच जोरावर लागतो. पात्राचं विक्षिप्त नाव, एखादं वाक्य, न समजलेला शब्द, खटकलेला शेवट या गोष्टी टिकतात. तेव्हा भीती वाटली असेल तर कशाची वाटली, तेही लिहा.

वाचल्याचं साल आठवत नाही. गोष्ट कोणत्या काळातली ते कसं ठरवायचं?

गोष्टीतलं विज्ञान बघा. विज्ञानकथा लिहिणारा माणूस त्याच्या काळात जे माहीत होतं त्याच्या पुढे एक पाऊल टाकतो, त्यामुळे मागचं पाऊल कुठे होतं ते दिसतं.

शुक्रावर अखंड पाऊस, दलदल आणि दाट जंगल असेल, तर मूळ कथा बहुधा १९६२च्या आधीची. त्या वर्षी मरिनर-२ हे यान शुक्राजवळून गेलं आणि तिथे भाजून काढणारी उष्णता असल्याचं दिसलं. मंगळावर कालवे आणि ते खोदणारी जुनी संस्कृती असेल, तर मर्यादा १९६५ची, कारण त्या जुलैत मरिनर-४ने पाठवलेल्या फोटोंत खड्डे होते, कालव्यांचा पत्ता नव्हता. माणूस चंद्रावर पहिल्यांदा पाऊल ठेवतो हीच गोष्टीतली मोठी घटना असेल, तर ती जुलै १९६९च्या आधी लिहिलेली. आकाशातून एखादी प्रयोगशाळा कोसळणार म्हणून गावात घबराट आहे? मग स्कायलॅब आठवा. ती ११ जुलै १९७९ला पडली, तुकडे हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात गेले, पण त्याआधी आपल्याकडे घरोघरी धास्ती होती. नळीतल्या बाळाचा (टेस्ट ट्यूब बेबीचा) उल्लेख १९७८नंतर खूप वाढला. अंतराळवीर भारतीय असेल आणि सगळा देश रेडिओ-टीव्हीला कान लावून बसला असेल, तर एप्रिल १९८४ला राकेश शर्मा वर गेल्यानंतरची कथा असण्याची शक्यता बरीच. धूमकेतूची गोष्ट असेल तर हॅलेचं १९८६ ध्यानात ठेवा, मात्र फक्त तेवढ्यावर विसंबू नका. धूमकेतूवर आपल्याकडे आधीही लिहिलं जात होतं.

यात एक मेख आहे. ही तारीख मूळ कथा लिहिल्याची. मराठी अनुवाद वीस वर्षांनी आलेला असू शकतो आणि तुम्ही तो त्याहून दहा वर्षांनी, मामाच्या माळ्यावर वाचलेला असू शकतो. म्हणून लिहिल्याचा काळ आणि वाचल्याचा काळ वेगवेगळे मांडा. वाचल्याच्या काळासाठी इयत्ता, राहतं घर आणि घरात टीव्ही आला होता का, या खुणा पुरेशा होतात.

पात्रं मराठी होती, गाव मराठी होतं. म्हणजे लेखक मराठीच ना?

तसं धरून चालू नका. मराठीत विज्ञानकथा आली तीच अनुवादातून. ज्यूल व्हर्नची चंद्रप्रवासाची कादंबरी कृष्णाजी नारायण आठल्ये यांनी १९००पासून ‘केरळ कोकिळ’ मासिकात क्रमशः मराठीत दिली. पुढे भा. रा. भागवतांनी व्हर्न मराठी मुलांच्या घरात आणला, तो इतका सहज की वाचताना परकं काही वाटतच नाही. ‘पृथ्वीचा तुकडा उडून धूमकेतूवर गेला आणि माणसं त्यावरच राहिली’ अशी आठवण आमच्याकडे सारखी येते. ती बहुतेक वेळा भागवतांची ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’ निघते आणि तिचं मूळ व्हर्नच्या १८७७च्या कादंबरीत आहे.

मासिकांतली गोष्ट आणखी गुंतागुंतीची. इंग्रजी कथा घेऊन जॉनचा जनार्दन करायचा, न्यू यॉर्कचं मुंबई करायचं आणि मूळ लेखकाचा उल्लेख गाळायचा, हे त्या काळी सर्रास चाले. त्या लेखकांना दोष देण्यात मला रस नाही, त्यांच्यामुळेच आपल्याला त्या गोष्टी मिळाल्या. पण शोधणाऱ्याने दोन्ही भाषांत शोधलं पाहिजे. ‘सूर्य काही वर्षांतून एकदाच दिसतो आणि वर्गातली मुलं एका मुलीला नेमकी तेव्हाच कपाटात कोंडतात’ ही गोष्ट रे ब्रॅडबरीची, १९५४ची, आणि शुक्रावरची. मराठीत तुम्ही ती कुठल्याही वेषात वाचलेली असू शकते. मूळ सापडलं की तुमच्या मनातली खळबळ निम्मी शांत होईल, पण तुम्ही वाचलेला मराठी मजकूर शोधणं हे वेगळं काम राहतंच.

शाळेच्या पुस्तकातली तर नसेल?

असू शकते, आणि हे सगळ्यात आधी तपासा, कारण सगळ्यात सोपं हेच. देवळाली, ओझर या बाजूला केंद्रीय विद्यालयांत शिकलेल्या मुलांकडून दोन गोष्टी वारंवार येतात. ‘माळ्यावर खरं छापील पुस्तक सापडतं आणि घरातच यंत्रशिक्षक असतो’ ही आयझॅक ॲसिमॉव्हची कथा. एनसीईआरटीच्या नववीच्या इंग्रजी पुस्तकात ती अनेक वर्षं होती. ‘इतिहासाचा प्राध्यापक अशा जगात जाऊन पोचतो जिथे मराठे पानिपत जिंकलेले असतात’ ही नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’. तिचं इंग्रजी रूप अकरावीच्या पुस्तकात होतं. ती इंग्रजीत वाचली की मराठीत, हे कित्येकांना आता सांगता येत नाही.

राज्य मंडळवाल्यांनी बालभारतीची जुनी पुस्तकं चाळावीत.

मासिकात वाचली होती एवढं नक्की. कोणतं असेल?

लहान मुलांचं असेल तर पहिला अंदाज ‘किशोर’. बालभारतीचं हे मासिक नोव्हेंबर १९७१ला सुरू झालं आणि त्याचे जुने अंक ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. तिथे शोधखिडकीत शब्द टाकून हात हलवत परत येऊ नका. तुमच्या वयावरून तीन-चार वर्षांचा पट्टा धरा आणि एकेका अंकाची अनुक्रमणिका उघडा. रात्री जेवणं झाल्यावर तासभर बसलात तर एक वर्ष सहज होतं. मुखपृष्ठं मात्र नीट बघत जा. गोष्ट आठवायच्या आधी मुखपृष्ठ ओळखीचं वाटलं, असं अनेकांचं झालंय.

मोठ्यांच्या मासिकात चोरून वाचली असेल तर अनंत अंतरकरांच्या ‘नवल’चा विचार करा. गूढ, अद्भुत आणि विज्ञान या तिन्हींची तिथे सरमिसळ असे, त्यामुळे भूतकथा म्हणून आठवणारी गोष्ट प्रत्यक्षात विज्ञानकथा निघते. ‘अमृत’ तर आपल्या नाशिकचंच, ‘गावकरी’ दैनिकवाल्यांचं. त्याचे छोट्या आकाराचे अंक इथल्या जुन्या घरांत अजून गठ्ठ्यांनी निघतात. १९२८ पासूनचं पुण्याचं ‘सृष्टिज्ञान’ आणि मराठी विज्ञान परिषदेची पत्रिकाही बघा. परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेतून लेखकांची अख्खी पिढी पुढे आली.

राहिले दिवाळी अंक. इथे खरी दमछाक होते, कारण १९०९ साली ‘मनोरंजन’ने सुरू केलेली ही प्रथा पुढे शेकडो अंकांपर्यंत गेली आणि बहुतेक घरांत दिवाळी अंक पुढच्या दिवाळीच्या आत रद्दीत जातात. इथे उलटी वाट धरावी. अंकातल्या चांगल्या कथा पुढे लेखकाच्या संग्रहात येतात. नारायण धारप, द. पां. खांबेटे, गजानन क्षीरसागर, निरंजन घाटे, लक्ष्मण लोंढे, बाळ फोंडके, सुबोध जावडेकर, शुभदा गोगटे यांचे संग्रह काढा आणि आधी नुसती अनुक्रमणिका वाचा. धारप फक्त भयकथावाले म्हणून त्यांना वगळू नका, ‘नेनचिम’ त्यांचीच. काही संग्रहांत कथा आधी कोणत्या अंकात छापली होती त्याची यादी सुरुवातीला किंवा शेवटी असते. ती यादी मिळाली की अंकाचं नाव आणि वर्ष आयतं हाताशी येतं.

लेखकाचं नाव पक्कं आठवतंय, पण त्या नावाचं पुस्तकच मिळत नाही.

टोपणनाव असू शकतं. नारळीकरांनी १९७४ला मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने. आपल्या नावाचा परीक्षकांवर परिणाम होऊ नये म्हणून आद्याक्षरं उलटी केली, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीच्या हस्ताक्षरात लिहवून घेतली. पहिलं बक्षीस जगतापांना मिळालं.

नाशिकमध्ये कुठे शोधू?

पहिलं नाव सावानाचंच. सावाना म्हणजे सार्वजनिक वाचनालय नाशिक, १८४० सालचं, महाराष्ट्रातल्या सगळ्यात जुन्या वाचनालयांपैकी एक. तिथे जाऊन ‘एक गोष्ट होती हो, त्यात रोबो असतो’ असं काउंटरवर सांगू नका. कर्मचाऱ्यांना दिवसभर देवघेव असते. आधी वर सांगितलेला कागद तयार करा, मग दुपारच्या निवांत वेळी जा आणि नेमकं विचारा: अमुक मासिकाचे अमुक सालचे बांधीव खंड आहेत का? त्या लेखकाच्या नावावर दाखल झालेली पुस्तकं कोणती? ‘नाही’ म्हणाले तर पुस्तक कधी दाखलच झालं नव्हतं की त्याचं निर्लेखन झालं, म्हणजे ते संग्रहातून काढून टाकलं, तेही विचारा. निर्लेखन झालं असेल तर निदान पूर्ण नाव, प्रकाशक आणि वर्ष नोंदवहीतून मिळू शकतं, आणि तेवढं मिळालं की दुसऱ्या गावच्या वाचनालयात विचारता येतं.

शाळांची आणि महाविद्यालयांची ग्रंथालयं विसरू नका. माजी विद्यार्थी म्हणून चौकशी केली तर बरेच ग्रंथपाल मनापासून मदत करतात. रद्दीवाल्यांशी ओळख ठेवा. गौरी-गणपतीच्या आणि दिवाळीच्या साफसफाईत सगळ्यात जास्त जुने अंक बाहेर पडतात, म्हणून त्या आठवड्यांत चक्कर मारायची.

इथे जमलं नाही तर मुंबई. १९५४च्या कायद्याने प्रकाशकांनी प्रत्येक पुस्तकाची प्रत ठरावीक ग्रंथालयांना पाठवायची असते, १९५६च्या दुरुस्तीनंतर नियतकालिकंही त्यात आली. मुंबईत ही प्रत टाउन हॉलच्या इमारतीतल्या राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाकडे जाते. सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने गेलात तर सीएसएमटीहून चालत जाता येतं आणि संध्याकाळच्या पंचवटीने परत. १८९८चं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयही आहेच. शं. ग. दात्यांची ग्रंथसूची फार मोलाची आहे, पण ती १९५०पर्यंतचीच. सत्तर-ऐंशीच्या दशकातली गोष्ट असेल तर तिच्यात वेळ घालवू नका.

गोष्ट होती की चित्रकथा, की टीव्हीवर पाहिलं, तेच कळत नाही.

रॉकेट आणि परग्रहावरचा क्रूर राजा आठवत असेल तर इंद्रजाल कॉमिक्सचा फ्लॅश गॉर्डन बघा. १९६४ ते १९९० या काळात निघालेलं हे कॉमिक मराठीतही येई, आणि वेताळ-मँड्रेकच्या अंकांत गॉर्डनची सरमिसळ होऊन जाते. मुलांनी तयार केलेला संगणक आणि कालप्रवास असेल तर १९८९ची दूरदर्शनवरची ‘इंद्रधनुष’. अंतराळस्थानकावरचं काही असेल तर ‘स्पेस सिटी सिग्मा’. मोठी-मोठी रंगीत चित्रं, उत्तम कागद आणि नगण्य किंमत आठवत असेल, तर मॉस्कोत छापलेलं मराठी पुस्तक असणार. ती १९९१च्या सुमारास यायची बंद झाली.

गुगलला किंवा चॅटबॉटला विचारलं तर?

विचारा, पण देवनागरीत आणि निरनिराळ्या शब्दांत: विज्ञानकथा, वैज्ञानिक कथा, शास्त्रीय कथा, अद्भुत कथा. जुन्या अंकांवर ‘विज्ञानकथा’ असं छापलेलं असेलच असं नाही. इंटरनेट आर्काइव्हवर स्कॅन केलेली बरीच जुनी मराठी पुस्तकं आहेत, पण तिथे नावं रोमन लिपीत वेडीवाकडी लिहिलेली असतात, तेव्हा चार-पाच स्पेलिंगं करून बघा.

चॅटबॉट इंग्रजी कथा ओळखायला खरंच उपयोगी पडतो. मराठीच्या बाबतीत मात्र तो नसलेलं पुस्तक, नसलेला लेखक आणि नसलेलं वर्ष ठामपणे सांगतो. एक काका असंच एक नाव घेऊन महिनाभर ग्रंथालयांत हिंडले. कुठल्या तरी ग्रंथालयाच्या यादीत किंवा प्रत्यक्ष प्रतीवर ते नाव दिसेपर्यंत त्यावर पाऊल उचलू नका.

आमच्या जुन्या वाड्यातल्या पेट्या पुरात भिजल्या. त्यातले अंक वाचतील का?

सराफ बाजार, भांडी बाजाराच्या बाजूच्या घरांत २००८ आणि २०१९च्या पुरात हे झालंय. वाळून चिकटलेली पानं ओढून सोडवू नका, छपाई निघून येते. अंक कोरडा असेल तर कडेने पातळ, बोथट पट्टी सरकवून जेवढी पानं सुटतील तेवढीच सोडवा आणि प्रत्येक पान सुटल्या सुटल्या मोबाइलवर फोटो काढा. बुरशी असेल तर मास्क लावा आणि गच्चीत सावलीत बसून काम करा, उन्हात नको. आधी अनुक्रमणिकेचं पान वाचवा. पुढची गोष्ट गेली तरी तिचं नाव हाती राहतं.

सापडली! आता झेरॉक्स काढून ग्रुपवर टाकू का?

स्वतःच्या वाचनासाठी एका कथेची प्रत काढायला हरकत नाही. अख्ख्या पुस्तकाची पीडीएफ वाटणं बरोबर नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर पुढच्या वर्षापासून ६० वर्षं राहतो. भागवत २००१ला गेले, म्हणजे २०६१ अखेरपर्यंत. नारळीकर २०२५ला गेले, म्हणजे २०८५. पुस्तक छापील मिळत असेल तर विकत घ्या. मिळत नसेल तर प्रकाशकाला पत्र लिहा. पुन्हा काढा म्हणणारी पत्रं आली तर प्रकाशक विचार करतात.

पुन्हा वाचली आणि तेवढी भारी वाटली नाही.

होतं असं. तरी पूर्ण वाचा, आणि लेखकाची त्याच काळातली आणखी एखादी कथा वाचा. मला तरी दर वेळी दुसऱ्या कथेने जास्त दिलंय.

अजून न सापडलेल्या गोष्टी कोणत्या?

दोन फार दिवस अडून आहेत. पहिली: एका मुलाला विहिरीतून रोज संध्याकाळी आकडे ऐकू येतात, तो ते वहीत उतरवतो आणि शेवटी गणिताचे मास्तर वही बघून गप्प होतात. मोठ्या आकाराचा अंक, काळी-निळी चित्रं, १९७५ ते १९८० दरम्यान सातपूरला वाचलेला. दुसरी: सगळ्या गावाची झोप एका यंत्राने काढून घेतलेली असते आणि फक्त पहाऱ्यावरचा म्हातारा झोपू शकतो. पुठ्ठ्याचं बाइंडिंग, धारपांच्या पुस्तकांच्या रांगेतून घेतलेलं, पण धारपांचं नाही असं वाचणाऱ्या बाई ठामपणे सांगतात. ओळखीचं वाटलं तर अंकाचं किंवा पुस्तकाचं नाव, वर्ष आणि पान क्रमांक कळवा. पानाचा फोटो असेल तर उत्तमच.